टायरची किंचाळी आणि दंडाची पावती

(दृश्य : रात्रीचा चौक. सिग्नल लाल. पहिल्या रांगेतल्या गाडीचं इंजिन गुरगुरतंय.)

सिग्नल हिरवा होतो आणि पुढची गाडी जागच्या जागी किंचाळते. मागची चाकं गरागरा फिरतायत, गाडी मात्र जेमतेम हातभर सरकलीय. जळक्या रबराचा वास, पांढरा धूर, फुटपाथवरच्या सगळ्या माना वळलेल्या. दोन-तीन सेकंदांत खेळ संपतो. पुढचा चौक यायच्या आत मागे लाल-निळे दिवे लागतात आणि गाडी कडेला घ्यावी लागते. अशा वेळी ड्रायव्हरचा पहिला प्रश्न बहुतेकदा हाच असतो : "मी वेगमर्यादेच्या आतच होतो, मग पावती कसली?"

त्याचं म्हणणं खरं असू शकतं. तरीही पावती फाटते, आणि माझ्या मते ती फाटायलाच हवी. का, ते समजून घ्यायचं तर आधी तो आवाज नीट ऐकावा लागेल.

(दृश्य : टायर रस्त्याला टेकतो ती जागा, अगदी जवळून, संथ गतीत.)

गाडी दीड टनाची असो की दोन टनांची, रस्त्याला ती चारच ठिकाणी टेकलेली असते. प्रत्येक टायरचा रस्त्याला लागलेला भाग साधारण तळहाताएवढा. वेग घ्यायचा, थांबायचं, वळायचं, सगळं या चार तुकड्यांच्या भरवशावर. चालत्या गाडीचं टायर नेहमीच किंचित घसरत असतं, आणि त्यात वावगं काही नाही. कोरड्या डांबरावर ही घसरण साधारण १० ते २० टक्के असते, म्हणजे चाक गाडीच्या वेगापेक्षा तेवढं जास्त फिरत असतं, तेव्हाच पकड सर्वांत जास्त मिळते. ॲक्सिलरेटर त्यापलीकडे दाबला की चाक गाडीच्या वेगाला सोडून भलत्याच गतीने फिरू लागतं आणि पकड वाढायच्या ऐवजी उतरते. टायरच्या नक्षीतले रबराचे ठोकळे रस्त्याला धरतात, ताणले जातात, सुटतात, पुन्हा धरतात. सेकंदाला शेकडो वेळा. या थरथरीतून ती किंचाळी निघते.

म्हणजे बघणाऱ्याला जो ताकदीचा आवाज वाटतो, तो खरं तर पकड सुटल्याचा आवाज आहे. ड्रायव्हर जगाला दाखवू पाहतो की गाडी माझ्या मुठीत आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी ती त्याच्या मुठीतून निसटलेली असते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. टायरकडे पकडीचं भांडवल एकच असतं. तेच पुढे ढकलायला वापरायचं, तेच थांबायला, तेच बाजूला धरून राहायला. ते सगळं चाक गरगर फिरवण्यात उधळलं, तर गाडीला सरळ रेषेत धरून ठेवायला काहीच उरत नाही. म्हणून मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी शेपूट फेकते, आणि पुढच्या चाकांना ताकद जाणारी गाडी स्टिअरिंग वळवूनही सरळच घसरत राहते.

(दृश्य : गाड्यांचा मेळावा संपलाय. बाहेर पडायच्या फाटकापाशी रस्त्याच्या दोन्ही कडांना मोबाइल धरून उभे असलेले तरुण.)

हौशी लोकांचे गाड्यांचे मेळावे भरतात, तिथून बाहेर पडताना होणारे अपघात जवळजवळ एकाच साच्यातले असतात. गाडी तासन्‌तास उभी होती, टायर थंड आहेत. कडेला मोबाइल उगारलेले आहेत. ड्रायव्हर रस्त्यावर वळता वळताच पाय दाबतो. मागची चाकं सुटतात आणि शेपूट एका बाजूला जाऊ लागतं. घाबरून तो पाय एकदम उचलतो. त्याबरोबर वजन पुढच्या चाकांवर येतं, फिरणारी चाकं मंदावतात आणि रबर पुन्हा रस्ता पकडतं. मधल्या वेळात स्टिअरिंग उलटं वळवलेलं असतं. पकड परत आल्यावर गाडी झटक्यात त्या उलट्या दिशेला झेपावते. त्या दिशेला लोक उभे असतात. हे सगळं घडायला एक-दोन सेकंद लागतात. सरावलेल्या माणसालाही एवढ्यात गाडी सावरणं कठीण जातं. आणि इथे चालवणारा बहुधा विशीतला पोरगा असतो, ज्याने गाडी घसरल्यावर काय करायचं याचा सराव कधीच केलेला नसतो.

गाडी घसरू नये म्हणून स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून नव्या हलक्या गाड्यांना सक्तीची आहे. चाक सुटतंय असं दिसलं की ती इंजिनाची ताकद कमी करते आणि एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते. शायनिंग मारणारा माणूस सगळ्यात आधी तिचंच बटण दाबून तिला गप्प करतो. मला सर्वांत जास्त चीड याची येते. त्याला वाचवायला बसवलेली, आणि त्याच्याहून जास्त फुटपाथवरच्या लोकांना वाचवायला बसवलेली ती एकच गोष्ट तो हाताने बंद करतो.

प्रत्येक किंचाळीमागे गुन्हा असतो असं मात्र नाही. बहुमजली पार्किंगच्या रंगवलेल्या गुळगुळीत फरशीवर गाडी सायकलच्या वेगाने वळली तरी टायर ओरडतात. हवा कमी असली तर साध्या वळणावरही आवाज येतो. ओल्या चढावर गाडी काढताना सावध माणसाचंही चाक फिरू शकतं. म्हणून शहाण्या कायद्याने नुसत्या आवाजावर बोट ठेवलेलं नाही.

(दृश्य : पावती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे हात.)

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात २३१०९ हे कलम आहे. त्यात शर्यतीबरोबरच 'वेगाचं प्रदर्शन' हा स्वतंत्र गुन्हा धरला आहे. ज्युरीला तो समजावताना सांगतात ते साधारण असं : दुसऱ्या कुणावर छाप पाडण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी धोकादायक रीतीने वेग घेणं किंवा तसं चालवणं. वेगमर्यादा ओलांडली नव्हती हा बचाव तिथे पुरत नाही. थांबलेल्या गाडीने चाकं जाळत झेप घेतली, तर काटा कितीवर होता हा प्रश्न दुय्यम ठरतो. अधिकाऱ्याच्या नोंदीत मग काय येतं? टायरचा आवाज, रस्त्यावरचे काळे पट्टे, धूर, शेपूट फेकलं का, आजूबाजूला कोण होतं, रस्ता ओला होता की कोरडा. या तपशिलांतून हेतू उभा राहतो.

बऱ्याच जणांना वाटतं की ही सिग्नल तोडल्यासारखी किरकोळ पावती आहे; पैसे भरले की सुटलो. तसं नाही. हा फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा ९० दिवसांपर्यंत तुरुंगवास, किंवा ५०० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर पोलिस जागेवर अटक करून गाडी ३० दिवसांपर्यंत जप्त करू शकतात. ती सोडवताना ओढून नेल्याचा खर्च आणि यार्डातलं रोजचं भाडं मोजावं लागतं, आणि पुढे विमा महागतो तो वेगळाच. दंडाचा आकडा या सगळ्यात छोटा वाटू लागतो. याच कलमात मदत करणाराही दोषी धरला आहे. रस्ता अडवून जागा करून देणारा मित्र 'मी तर फक्त उभा होतो' असं म्हणून सुटत नाही.

(दृश्य : कोरड्या सरोवराचा पांढरा सपाट तळ, धुळीचा लोट.)

हा कायदा ज्या मातीत वाढला, तिथेच अमेरिकेतला गाड्यांचा नादही वाढला. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं जुन्या गाड्यांची इंजिनं सुधारून म्यूरॉकसारख्या कोरड्या सरोवरांवर पळवायला नेत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना काढली. महायुद्ध संपलं, यंत्रकाम शिकलेले तरुण घरी परतले, स्वस्त जुन्या गाड्या हाताशी होत्या आणि सरोवरं दूर होती. मग शर्यती रस्त्यावर आल्या. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत. लोक हैराण झाले, अपघात झाले, पोलिसांनी धरपकड केली आणि पावत्यांचे ढीग लागले. हे सगळं करूनही पोरं थांबत नव्हती.

१९५० मध्ये सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. पुढच्या वर्षी वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली (हॉट रॉड म्हणजे इंजिन सुधारून वेगवान केलेली गाडी). या संघटनेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये पोमोना इथे झाली, जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये. ती उभी करण्यात पोमोनाचे पोलिस पुढे होते. बड कून्स नावाचे सार्जंट त्यांतले एक. ज्या पोरांना रस्त्यावर पावत्या द्याव्या लागत होत्या, त्यांनाच त्यांनी मैदान मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी संघटनेची चार माणसं गाडी-ट्रेलर घेऊन देशभर हिंडली आणि गावोगावी शर्यतीची सुरक्षित, सरळ पट्टी कशी आखायची ते दाखवत गेली. त्यांत हे कून्स होते.

मला या साऱ्या विषयात या पोलिसाइतका जवळचा माणूस दुसरा वाटत नाही. त्याने कायदा सैल केला नाही. टायर जाळायची हौस वाईट नाही, तिची जागा चुकलीय, एवढं त्याने ओळखलं. पट्टीवर गाडी सोडण्याआधी तपासली जाते. प्रेक्षक कठड्यापलीकडे असतात आणि ते स्वखुशीने आलेले असतात. टायरही तिथे मुद्दाम जाळतात, पण कामासाठी : सुरुवातीच्या रेषेमागे पाणी शिंपडलेल्या जागेत चाकं फिरवून रबर साफ आणि गरम करायचं, म्हणजे पुढे पकड चांगली मिळते. चौकात जो धूर वाया जातो, तो इथे उपयोगी पडतो.

(दृश्य : वरून घेतलेला चौक. गर्दीच्या कड्यात एक गाडी गोल गोल फिरतेय.)

कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड शहराच्या पूर्व भागात १९८० च्या दशकात आणखी एक प्रकार सुरू झाला, साइडशो. सुरुवातीला तो पार्किंगमध्ये गाड्या मिरवण्याचा जमाव होता. पुढे चौक अडवून गाडी गोल फिरवण्याचा खेळ झाला आणि मग राज्यभर पसरला. इथे प्रेक्षक कठड्यामागे नसतात. फिरत्या गाडीपासून हातभर अंतरावर उभे राहण्यातच मर्दुमकी मानली जाते. चौक अडला की रुग्णवाहिकाही अडते. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि तो जुलै २०२५ पासून लागू झाला : साइडशोत वेगाचं प्रदर्शन केल्याचं सिद्ध झालं, तर न्यायालय ९० दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत परवाना रोखू शकतं. २०२३ पासून खुल्या पार्किंगलाही कलम २३१०९ लागू झालं आहे.

इतर देशांनीही आपापल्या परीने दोर आवळले. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २००७ पासून 'स्टंट'ची व्याख्याच नियमात आहे : वळताना मुद्दाम टायरची पकड सोडवणं, गाडी गरगर फिरवणं, डिकीत माणूस बसवून चालवणंसुद्धा. दंड किमान २००० डॉलर आणि कमाल १०,०००. परवाना रस्त्यावरच ३० दिवसांसाठी काढून घेतात, गाडी १४ दिवस अडकते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००६ पासून गाडी जप्त होते. न्यूझीलंडने २००३ मध्ये खास कायदा आणला आणि २००९ मध्ये तर पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्याची गाडी यंत्रात घालून चिरडण्याची तरतूद केली. प्रत्यक्षात फार थोड्या गाड्या चिरडल्या गेल्या. गाडी जाईल ही भीतीच त्यात मोठी होती.

गाडी जप्त करणं मला रोख दंडापेक्षा जास्त पटतं. मिरवायचं साधनच काही दिवस हातात राहत नाही, आणि बापाच्या पैशाने दंड भरून संध्याकाळी पुन्हा चौकात येता येत नाही.

(दृश्य : जुन्या शर्यतपट्टीच्या जागी उभी असलेली गोदामं.)

पण दुसऱ्या बाजूला काय झालं तेही पाहायला हवं. लॉस एंजेलिस बंदराजवळची लायन्स पट्टी १९५५ मध्ये सुरू झाली. रस्त्यावरच्या शर्यतींना पर्याय म्हणूनच ती काढली होती. १९७२ मध्ये ती बंद झाली. ऑरेंज काउंटीतली मोठी पट्टी १९८३ मध्ये गेली. डिसेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसजवळची अर्विंडेलची पट्टीही बंद झाली. तिथे साध्या माणसाला आपली रोजची गाडी घेऊन अष्टमांश मैल पळवता येत होती. जमिनीचे भाव वाढले, आवाजाच्या तक्रारी आल्या, आणि एकेक जागा गेली. शिक्षा कडक होत गेल्या त्याच काळात मैदानं घटत गेली.

फुटपाथवर उभ्या माणसाचा जीव कुणाच्या हौसेसाठी पणाला लागता कामा नये, म्हणून या पावत्या मला हव्यात आणि त्या कडकच हव्यात. मात्र जे नगरमंडळ जप्तीचा ठराव करतं, त्याने त्याच बैठकीत जागेचा विषयही घ्यावा. सँटा ॲनात एक धावपट्टी पुरली होती, पोमोनात जत्रेचं पार्किंग पुरलं होतं. मैदान मागायला गावासमोर जाणारा पोलिसही तिथे होता. अशी मोकळी, सपाट, वस्तीपासून लांबची जागा बहुतेक शहरांच्या हद्दीत आजही सापडेल, आणि महिन्यातून दोन रात्री ती उघडली तरी चौकातली बरीचशी गर्दी तिकडे वळेल.