नुरा कुस्ती आणि जॉन मॅक्लेनचे पाय

(दृश्य: कोरी वही. पेन्सिल धरलेला हात एक चौकोन काढतो. चौकोनात दोन अनवाणी पाय.)

ओळखा बघू, कुणाचे पाय?

नाही ओळखले, तर चूक तुमची नाही, माझ्या चित्रकलेची आहे. सिनेमातली दृश्यं वापरली की व्हिडिओ दुसऱ्या दिवशी उडतो, हा अनुभव मी दोनदा घेतलाय. त्यामुळे आज अॅक्शन सिनेमांवर आणि सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर बोलताना सगळं पेन्सिलीवर भागवायचं.

हे पाय जॉन मॅक्लेनचे. सिनेमा 'डाय हार्ड', साल १९८८. न्यूयॉर्कचा हा पोलीस नाताळच्या आदल्या रात्री बायकोला भेटायला लॉस एंजेलिसला येतो. विमानात शेजारचा प्रवासी त्याला सल्ला देतो की पोचल्यावर बूट-मोजे काढायचे आणि गालिच्यावर पायाची बोटं मुठीसारखी आवळायची, शीण जातो. मॅक्लेन ते करून बघतो. त्याला बरंही वाटतं. आणि नेमकं तेव्हाच दरोडेखोर इमारतीचा ताबा घेतात. म्हणजे पुढची सगळी रात्र हा माणूस अनवाणी आणि बनियनवर.

लेखक इथं थांबत नाही. मॅक्लेन पहिल्या मेलेल्या गुंडाचे बूट घालून बघतो, ते लहान पडतात. पुढे मुख्य खलनायकाच्या लक्षात येतं की याच्या पायात काही नाही. तो आपल्या माणसाला म्हणतो, काचांवर गोळ्या झाड. बस्स. गालिच्यावरची ती गंमत दीड तासानं तळपायात घुसते.

(दृश्य: पेन्सिल तळपायाखाली काचांचे त्रिकोण काढते.)

आमच्या घरी केबल आली तेव्हा आजोबा हा सिनेमा माझ्याशेजारी बसून बघायचे. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. मॅक्लेन बाथरूममध्ये बसून तळव्यातली काच उपसतो, तिथं त्यांनी स्वतःचा पाय खुर्चीवर घेतला आणि म्हणाले, "हळू काढ की रं!"

मॅक्लेन झालेल्या ब्रूस विलिसनं काही प्रसंगांत रबराचे खोटे पाय घातले होते, हे मला पुढे कळलं. आजोबांना मी सांगितलं नाही.

(दृश्य: कोल्हापूर. खासबाग मैदानाच्या रिकाम्या पायऱ्या, मधोमध आखाडा.)

आजोबांची सगळी समीक्षा इथली. खासबाग मैदान, शाहू महाराजांच्या काळातलं. कुठल्याही पायरीवर बसा, मधला आखाडा दिसतोच. इथला प्रेक्षक पैलवानाला हरल्याबद्दल माफ करतो. पण दोघांनी आधीच ठरवून धरलेली कुस्ती, जिला आपण नुरा म्हणतो, ती त्याला पाचव्या मिनिटाला वासावरून कळते. मग शिट्ट्या सुरू होतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की अॅक्शन सिनेमाच्या मोठमोठ्या मालिका आणि सुपरहिरोंची कॉमिक्स कुठं बिघडतात, तर जिथं नुरा सुरू होते तिथं. तंत्र, पैसा, व्हीएफएक्स म्हणजे संगणकावरच्या करामती, ही सगळी नंतरची भांडणं.

आणि हे मी नुसतं उपमा म्हणून बोलत नाहीये. 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं २०१९ मध्ये बातमी दिली होती, की 'फास्ट अँड फ्युरियस' या गाड्यांच्या अॅक्शन मालिकेतले बडे तारे पडद्यावर आपण किती मार खायचा याचीही घासाघीस करतात. कुणी स्टुडिओशी तसं ठरवूनच घेतो, कुणाच्या वतीनं सेटवर ठोसे मोजायला घरचं माणूस असतं. दोघांचे ठोसे समसमान भरले पाहिजेत! बातमी वाचली आणि मला एकदम उलगडा झाला, की या मालिकेतल्या मारामाऱ्या कधी निकाली का होत नाहीत. दोघं भिंतीतून आरपार जातात, काचेच्या टेबलावर पडतात आणि कपडे झटकून उभे राहतात. बरोबरीत सुटलेली कुस्ती.

तरी या मालिकेवर माझा जीव आहे. २००१ च्या पहिल्या भागात ही मंडळी डीव्हीडी प्लेअर नेणारे ट्रक लुटत होती. २०२१ च्या नवव्या भागात टोळीतले दोघं गाडीला रॉकेट बांधून अंतराळात गेले. एवढी बढती सरकारी नोकरीत मिळत नाही. पण हान नावाचं एक पात्र बघा. २००६ च्या तिसऱ्या भागात टोकियोत त्याची गाडी पेटते आणि तो मरतो. लोकांना तो इतका आवडला, की पुढचे तीन भाग कथेत त्याच्या मरणाच्या आधी घडलेले दाखवले. का? तर हान जिवंत हवा. मला ही युक्ती तेव्हा फार आवडली होती. तो हसताना दिसला की आपल्याला माहीत असायचं, याचं टोकियो जवळ येतंय. मग नवव्या भागात हान दारात उभा, हातात खाऊचं पाकीट. मेलोच नव्हतो म्हणे, ते नाटक होतं. थिएटरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू? पण घरी येताना लक्षात आलं, की आता यातलं कुणीही मेलं तरी मला काही होणार नाही.

(दृश्य: वहीचं नवं पान. हात एका पानाचे चार भाग करतो.)

हा रोग कॉमिक्समधून आला. कॉमिक्सचे चाहते पूर्वी म्हणायचे, की तिथं कुणीच मेलेलं राहत नाही; अपवाद तीनच, कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी, बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचे अंकल बेन. २००५ मध्ये बकी आणि जेसन दोघंही परत आले. अंकल बेन तेवढे शब्दाला जागले.

सगळ्यांत गाजलेलं मरण सुपरमॅनचं, १९९२ चं. डूम्सडे नावाचा एक राक्षस त्याला त्याच्याच शहरात, मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर मारतो. तो अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आत दंडाला बांधायची काळी फीतसुद्धा होती. लोकांनी रांगा लावल्या, पुढे किंमत येईल म्हणून न उघडता ठेवून दिला. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परतला, मानेवर केस वाढवून. मरणाचा एवढा बाजार मांडल्यावर माझ्यासारख्यानं नाक मुरडायला हवं. पण त्या गोष्टीची मांडणी बघा.

(दृश्य: पानावर चार चौकटी. मग शेजारच्या पानावर तीन. मग दोन. मग एक.)

मारामारीच्या शेवटच्या चार अंकांत चित्रकारांनी एक हिशोब पाळला. पहिल्या अंकात पानाला चार चौकटी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन. आणि शेवटच्या अंकात, सुपरमॅनच्या पंचाहत्तराव्या, प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र. वाचणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. पण चौकटी मोठ्या होत जातात तसे ठोसे जड होत जातात. पान उलटायला हात कचरतो. कुठल्याही कॅमेऱ्याला हे जमणार नाही, कारण सिनेमात पान आपल्याला उलटावं लागत नाही.

याच्या बरोबर उलटं उदाहरण १९७३ चं, स्पायडरमॅनचा एकशेएकविसावा अंक. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून ढकलतो. (कोणता पूल? मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन, चित्रात ब्रुकलिनसारखा. चाहते यावर अजून भांडतात.) स्पायडरमॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला चिकटतं आणि ती वाचते. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरात काहीतरी मोडल्याचा एकच आवाज लिहिलाय: 'स्नॅप'. इंग्रजीत चार अक्षरं. घाईत वाचलं तर नजरेतून निसटतात. तिला वर ओढून घेताना हा पठ्ठ्या स्वतःवरच खूश आहे, बडबड करतोय, आणि तिचा जीव गेलाय. म्हणजे पडून मेली की वाचवताना मेली? लेखक जेरी कॉन्वे, चित्रं गिल केनची. त्या चार अक्षरांनी स्पायडरमॅनला जेवढं जखमी केलं तेवढं पुढच्या पन्नास वर्षांत कुठल्या खलनायकाला जमलं नाही.

(दृश्य: जुनं, कोपरे झिजलेलं कॉमिक. मुखपृष्ठावर वेताळ. हात पान उलटतो.)

आता हे आपलं. म्हणजे अमेरिकेचं, पण आपलंच. फँटम, आपला वेताळ. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सनं १९६४ पासून त्याला भारतात आणलं, मराठीतही आणलं, आणि १९९० मध्ये ती बंद पडली. माझ्यापर्यंत ती रद्दीच्या दुकानातून आली, किलोच्या भावात.

ज्या गोष्टीशी सगळे आजही झगडतायत, ती वेताळाचे निर्माते ली फॉक यांनी १९३६ मध्येच सोडवून टाकली होती. जंगलातले लोक समजतात वेताळ अमर आहे, चारशे वर्षं जगतोय. वाचकाला मात्र पहिल्यापासून माहीत असतं, की हा एकविसावा आहे. आधीचे वीस मेले. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि कवटीच्या गुहेत बसून त्याच वहीमालिकेत पुढचं पान लिहायला घेतो. म्हणजे दंतकथा अमर आणि माणूस मरणारा. गोळी लागली तर या माणसाला लागते आणि गुहेत त्याच्यासाठी जागा राखलेली आहे. लहानपणी ती थडग्यांची रांग बघून माझ्या पोटात गोळा यायचा. आज वाटतं, सुपरहिरोच्या धंद्यात एवढा प्रामाणिक करार दुसऱ्या कुणी केला नाही. १९९६ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला आणि पडला. जांभळा पोशाख होता, अंगठी होती, घोडा होता. ती थडगी कुठं जाणवलीच नाहीत.

(दृश्य: वही. एक गुडघा. त्यावर लोखंडी पट्ट्यांचा आधार.)

आता माझा सगळ्यांत लाडका पाय.

'मॅड मॅक्स', ऑस्ट्रेलिया, १९७९. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे पेशानं डॉक्टर, सिडनीच्या हॉस्पिटलात त्यांनी अपघातात मोडलेली माणसं बघितली होती. पहिल्या भागाच्या शेवटी मॅक्सच्या गुडघ्यात गोळी घुसते. दुसरा भाग आला १९८१ ला. इतर कुठल्याही मालिकेत हिरो एव्हाना ठणठणीत झाला असता. मॅक्सच्या पायाला लोखंडी आधार आहे आणि चालताना तो कुरकुरतो. कुणी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. २०१५ मध्ये 'फ्युरी रोड' आला, नट बदलला, मेल गिब्सनच्या जागी टॉम हार्डी. गुडघ्याचा आधार तसाच. डॉक्टरनं केस पेपर जपून ठेवलेला!

त्या दुसऱ्या भागात एक मोटरसायकलवाला गाडीवर आदळून हवेत गरगरत जातो. तसं ठरलेलं नव्हतं. गाय नॉरिस नावाच्या तरुण डुप्लिकेटचा पाय चुकून आपटला आणि मोडला. तो शॉट सिनेमात आहे. 'फ्युरी रोड'मधल्या सगळ्या स्टंटची जबाबदारी याच नॉरिसवर होती. उंच खांबांवर झुलत, धावत्या ट्रकवर झेपावणारी माणसं आठवतात? मिलर यांना वाटत होतं हे संगणकावरच करावं लागेल. नॉरिसनं ते नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या माणसांना, खऱ्या खांबांवर, धावत्या गाड्यांवर बसवून करून दाखवलं.

आणि हा सिनेमा आधी लिहिला नाही, काढला. ब्रेंडन मॅकार्थी हा ब्रिटिश कॉमिक्सवाला सहलेखक होता. साधारण साडेतीन हजार चित्रं काढून झाली, तीच पटकथा. म्हणून तर गोंधळ कितीही असो, कोण कुठं आहे हे आपल्याला कळतं. ज्याच्याकडे बघायचं तो जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध असतो. डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांनी शेकडो तासांच्या चित्रीकरणातून दोन तास काढले आणि संकलनाचं ऑस्कर घेतलं. खासबागेची पायरीच ती, कुठंही बसा, आखाडा दिसतो. कुठल्याही कॉमिकवरून न बनलेला हा सिनेमा मला सगळ्यांत उत्तम कॉमिक वाटतो, आणि सुपरहिरोंच्या सिनेमांचे शेवटचे अर्धे तास, जिथं आकाशातून निळा झोत पडतो आणि करडी माणसं करड्या माणसांवर आदळतात, तिथं मी चपला शोधायला लागतो. शिव्या द्यायच्या तर खाली द्या, वाचेन.

(दृश्य: शेवटचं पान. हात सहा चौकटी आखतो.)

हे एवढं काढतो आणि थांबतो. ऑगस्ट २०१७, लंडन. 'मिशन इम्पॉसिबल'च्या सहाव्या भागाचं चित्रीकरण. टॉम क्रूझ, वय पंचावन्न. पहिली चौकट, तो गच्चीवर धावतोय. दुसरी, झेप. तिसरी, पलीकडची भिंत. चौथीत पाय भिंतीला लागतो आणि घोटा नको तिकडे वळतो. घोटा मोडला हे त्याला तिथंच कळलंय.

पाचवी चौकट, तो हातांवर अंग ओढून वर येतो.

सहावी, कॅमेऱ्याच्या बाजूनं लंगडत निघून जातो, कारण शॉट अजून संपलेला नाही. पुढे बरेच आठवडे काम बंद. तोच शॉट सिनेमात ठेवला.

(दृश्य: सहाव्या चौकटीत पाठमोरी आकृती. हात डावा पाय खोडतो, जरा तिरका करून पुन्हा काढतो. मग तो खोडून उजवा तिरका करतो.)

कोणता पाय होता, पुन्हा बघावं लागेल.