फुरमिंट: गोड वाइनच्या द्राक्षाची ड्राय बाटली

नमस्कार मंडळी! "वाइन नको बाई, गोडमिट्ट लागते," असं म्हणणारे पुण्यात मला सारखे भेटतात. आजचा व्हिडिओ खास त्यांच्यासाठी. समोरच्या दोन्ही बाटल्या फुरमिंट नावाच्या एकाच पांढऱ्या द्राक्षाच्या आहेत. ही छोटी, अर्ध्या लिटरची, मधासारखी गोड आहे. आणि या उंच बाटलीत गोडवा जवळपास नाहीच, म्हणजे ती ड्राय.

आधी गोड बाटलीबद्दल सांगते, कारण फुरमिंटचं नाव तिनंच केलं. हंगेरीच्या ईशान्येला तोकाय नावाचा टापू आहे. २००२पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं बोद्रोग आणि तिसा या नद्या मिळतात. पावसाळा सरल्यावर आपल्याकडे जे दिवस येतात, त्याच दिवसांत तिकडे सकाळी धुकं आणि दुपारी स्वच्छ ऊन असतं. अशा हवेत द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. आपल्या नारायणगावच्या बागायतदाराला विचारा, भुरी आणि डावणीच्या नुसत्या नावानं त्याची झोप उडते, फवारण्या करून जीव मेटाकुटीला येतो. तोकायचा शेतकरी मात्र या एका बुरशीची वाट बघतो! ती सालीला बारीक छिद्रं पाडते, मण्यातलं पाणी उडून जातं, मणी सुरकुततो आणि आतली साखरही घट्ट होते, आंबटपणाही. मजूर घडातून असे मणी हातानं एकेक वेचून काढतात. त्यांची जी वाइन होते ती आसू. आजच्या नियमानुसार तिच्यात लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर असावीच लागते.

आता ही उंच बाटली. वाइनची द्राक्षं तोडताना साधारण २२ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास असतात, म्हणजे आपण खातो त्या थॉम्पसनपेक्षाही गोड. मग ही साखर जाते कुठं? यीस्ट खातं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खाल्ली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. यीस्टला शेवटपर्यंत खाऊ दिलं की वाइन ड्राय, मध्येच थांबवलं किंवा ते दमून थांबलं की गोड. आसूमध्ये साखर इतकी असते की यीस्ट हात टेकतं. म्हणजे द्राक्ष गोड म्हणून वाइन गोड, हे गणितच चुकीचं आहे. साखर किती ठेवायची, ते वाइन करणारा ठरवतो.

मग तोकायवाल्यांनी ड्राय फुरमिंट आधीच का नाही गाजवली? ड्राय वाइन तिथं पूर्वीही होत होती, पण मान आसूला होता. कम्युनिस्ट राजवट संपल्यावर, १९९०नंतर, मळे पुन्हा खासगी हातांत आले आणि चित्र पालटू लागलं. तोकायमधल्या माद गावचे वाइन करणारे इश्तवान सेप्शी यांनी २००० सालच्या द्राक्षांपासून उरागिया या एकाच मळ्याची ड्राय फुरमिंट केली. ज्वालामुखीच्या दगडमातीतल्या या द्राक्षाला साखरेच्या आधाराशिवायही उभं राहता येतं, हे त्या बाटलीनं दाखवलं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो.

चला, ओतू या. रंग बघा, फिकट सोनेरी. वास घेते... हिरवं सफरचंद, पेअर, लिंबाची साल, आणि मागून किंचित मध. इथंच बहुतेकांची फसगत होते. मधाचा वास आला की मेंदू म्हणतो, गोड. आता नाक चिमटीत धरून घोट घेते. मध गायब! जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलंय, कच्ची कैरी चावल्यावर सुटतं तसं. फुरमिंटची खरी ताकद हाच आंबटपणा आहे. आसूतही तोच असतो, म्हणून इतकी साखर असूनही ती चिकट लागत नाही.

थंड किती करायची? फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. अगदी गार असेल तर वास मिटून जातो आणि नुसता आंबटपणा उरतो. सोबत तळलेलं काहीही घ्या. कोथिंबीर वडी उत्तम, आणि रव्यातली सुरमई असेल तर विचारूच नका. तेलाचा जडपणा एका घोटात निघून जातो. झणझणीत मिसळ मात्र नको, तिखटासमोर अल्कोहोल आणखी भाजतं.

ही माझी बाटली परदेशातून आलेली आहे, आपल्याकडच्या दुकानांत फुरमिंट सहजी दिसत नाही. पण हाच अनुभव शेनिन ब्लांमध्ये मिळतो. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यात हे द्राक्ष पार गोडापासून अगदी ड्रायपर्यंत सगळ्या रूपांत भेटतं. नाशिककडेही ते भरपूर होतं, आणि त्याच्या बऱ्याच बाटल्या किंचित गोडीच्या असतात, म्हणून दुकानात 'ड्राय शेनिन' असं स्पष्ट मागा. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडाही बघा. साडेबारा-तेरा असेल तर यीस्टनं बहुतेक साखर संपवलेली असते, दहा-अकरा असेल तर थोडी गोडी उरलेली असण्याची शक्यता जास्त. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण दुकानात उभं असताना फार कामी येतो. बाटली घेतलीत तर नाक धरून पहिला घोट घ्या, आणि काय जाणवलं ते खाली लिहा.