विशनसरच्या काठावर माशीचा गळ

[दृश्य : पहाट. स्थिर पाणी. काठाजवळ एक वर्तुळ उमटतं आणि विरून जातं.]

काश्मीरमध्ये सोनमर्गच्या वर, निचनई खिंडीपलीकडे, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर हा विशनसर तलाव आहे. जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातले कितीतरी ट्रेकर इथे मुक्काम करतात, फोटो काढतात आणि पुढची खिंड गाठायला निघतात. त्यांच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर ब्राउन ट्राउट फिरत असतो. बहुतेकांना तो दिसतही नाही. नकली माशी लावलेल्या गळाने (फ्लाय फिशिंग) तो कसा धरायचा, ते पाहू.

हा मासा मूळचा इथला नाही. १८९९ मध्ये ब्रिटनहून मागवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये आलेली दुसरी खेप जगली. फ्रँक मिचेल या गालिच्यांच्या कारखानदाराने ती श्रीनगरजवळ हारवानला वाढवली. पुढे माणसांनीच ट्राउट वरच्या पाण्यांत पोचवला आणि तिथे तो रुजला. विणीसाठी त्याला वाहतं पाणी आणि बारीक गोटे लागतात. वरच्या कृष्णसरचं पाणी विशनसरमध्ये उतरतं आणि पुढे किशनगंगा नदीला मिळतं. शरद सरताना ट्राउटची मादी अशाच ओढ्यांत शेपटीने गोटे उकरून अंडी घालते.

ट्राउटचा भाऊबंद ‘आर्क्टिक चार’ (char) हा मासा मात्र तलावाच्या तळाशी, गोट्यांतच वीण घालू शकतो. तो इथे नाही. नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरतलावांत मिळतो. ओळख सोपी आहे. ट्राउटच्या अंगावर गडद ठिपके असतात, ‘चार’च्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि पोटाकडच्या परांना पांढरी किनार असते. वरचं पाणी तापलं की ‘चार’ मासा खोल जातो, म्हणून त्याच्यासाठी बुडणारी लाइन, म्हणजे रॉडची दोरी, लागते.

[दृश्य : काठावर बसलेला माणूस. रॉड मांडीवर, नजर पाण्यावर.]

पहिली पंधरा मिनिटं गळ टाकायचाच नाही. नदीत ट्राउट एका जागी तोंड प्रवाहाकडे करून थांबतो, खाणं त्याच्याकडे वाहत येतं. तलावात प्रवाह नाही, म्हणून खाणं शोधत त्याला फिरावं लागतं. काठाकाठाने त्याची फेरी ठरलेली असते. पोलराइज्ड चष्मा लावा, पाण्यापासून दोन-तीन मीटर मागे बसा आणि सावली पाण्यावर पडू देऊ नका. एकदा दिसलेला मासा बरेचदा थोड्या वेळाने त्याच वाटेने परत येतो.

नवशिके नेमके इथेच चुकतात. आल्या आल्या गुडघाभर पाण्यात शिरतात आणि लांब फेकायला बघतात. मासे त्यांच्या पायापाशीच होते. ते केव्हाच पळालेले असतात.

माशी म्हणजे गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला किडा. तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून ती फेकता येत नाही. जाड लाइन फेकायची आणि तिच्यामागून माशी जाते. नऊ फुटी, पाच नंबरचा (नंबर म्हणजे लाइनच्या वजनाचा), चार तुकड्यांचा रॉड पाठीवरच्या पिशवीत मावतो. वारा फार असेल तर सहा नंबर बरा. लाइन तरंगणारी. तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा नऊ ते बारा फुटी लीडर, म्हणजे जोडदोरा, आणि शेवटी हातभर टिपेट, म्हणजे आपला बारीक तंगूस, ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचा.

पाणी शांत असेल तर चौदा नंबरची काळी बझर माशी लावावी. ती चिलटाच्या कोशासारखी दिसते. माशासमोर दोन-तीन मीटर टाकायची, बुडू द्यायची आणि तो जवळ आला की बोटांनी लाइन हळूच ओढायची, एका वेळी चार इंच. दुपारी दरीतून वारा चढतो आणि कुरणातले भुंगेरे, मुंग्या पाण्यावर पडतात. तेव्हा तरंगणारी माशी लावून, लाटा आणि शांत पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर टाकावी. ओढा तलावात शिरतो ती जागाही सोडू नये.

[दृश्य : जवळून. लाइन मागे जाते, सरळ होते, मग पुढे येते.]

रॉड मागे नेला की थांबायचं. लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत पुढे झटका द्यायचा नाही. घाई केली की लाइन चाबकासारखी वाजते, माशी तुटून जाते किंवा टिपेटला गाठ बसते. ती गाठ दिसायला मोहरीएवढी असते, पण तंगुसाची ताकद जवळजवळ निम्मी करते. गाठ सोडवत बसू नका, तुकडाच बदला. मागे चढ असेल तर माशी दगडावर आपटून गळाचं टोक मोडतं. मासा लागतो आणि लगेच सुटतो, असं दोनदा झालं की आधी टोक नखावर टेकवून पाहा. रुतलं तर ठीक, घसरलं तर माशी बदला.

मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना खालीच काढावा लागतो, वर कार्यालय नाही. किती आणि केवढे मासे ठेवता येतात तेही तिथेच विचारून घ्यावं. पण आमचं म्हणणं असं, की या उंचीवरचा मासा सोडूनच द्यावा. वर्षातले बरेच महिने तलावावर बर्फ असतं, खाणं थोडे दिवस मिळतं आणि वीतभर वाढायलाही त्याला वर्षं लागतात.

त्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका. हात ओले करा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा पाण्यातच ठेवा, कल्ल्यांना बोट लावू नका. गळ काढला की पोटाखाली हात धरून त्याला सरळ ठेवा. कल्ले संथ हलू लागतात, शेपटी एकदा जोर लावते आणि हात रिकामा होतो.

पुढची माशी टाकण्याआधी टिपेटवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर तेवढा तुकडा कापा, नवी गाठ थुंकीने ओली करून आवळा, आणि पुन्हा खाली बसा.