डॅफ्नियाची चाहूल आणि मायक्रोसिस्टिसचं विष

[दृश्य : चीनमधला ताइहू तलाव. किनाऱ्याला लागलेला जाड हिरवा तवंग.]

मे २००७ च्या अखेरीस चीनमधल्या वूशी शहरात नळाला घाण वास मारणारं पाणी येऊ लागलं. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या बघता बघता संपल्या. सुमारे वीस लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. शहराला पाणी येतं ते ताइहू तलावातून, आणि त्या तलावावर मायक्रोसिस्टिस साचून कुजत होता.

मायक्रोसिस्टिस हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आपण ज्याला नील-हरित शैवाल म्हणतो त्यातला. भाताच्या खाचरात नत्रासाठी जे शैवाल सोडतात, ते याच्याच भाऊबंदांपैकी. फरक असा, की मायक्रोसिस्टिसला हवेतला नत्र बांधता येत नाही. तो पोसला जातो शेतातून वाहून आलेल्या खतावर आणि सांडपाण्यावर. त्याच्या बऱ्याच वाणांच्या पेशींत मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाला घालतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण वाढतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं लोकांना सांगावं लागलं ते यामुळेच. आपल्या घरांत ‘गाळून, उकळून प्या’ हे इतकं अंगवळणी पडलंय, की ही गोष्ट ठासून सांगायला हवी.

पण हे विष माणसासाठी तयार झालेलं नाही. मग कोणासाठी? वर्षानुवर्षं उत्तर ठरलेलं होतं : मायक्रोसिस्टिसला खाणाऱ्यांसाठी.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत डॅफ्निया.]

ही डॅफ्निया. गोड्या पाण्यातला प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगत जगणारा बारीक प्राणी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. कवच पारदर्शक आहे, त्यामुळे हृदयाची धडधड बाहेरून दिसते आणि आतड्यातली हिरवी रेघसुद्धा. कवचाच्या आत पाय सारखे हलताहेत. त्यांच्या हालचालीनं पाणी आत ओढलं जातं, पायांवरच्या बारीक केसांत कण अडकतात आणि तोंडाकडे सरकतात. कोपेपॉड नावाचा तिचा शेजारी चाखून चाखून नको तो कण टाकतो. डॅफ्नियाला ती सोय नाही. अडकलेलं सगळं एकाच घासात येतं.

आता नीट पाहा. घासात काहीतरी नकोसं आलंय. शरीराच्या मागच्या टोकाची नखी वर येते, घास खरवडते आणि अख्खा गोळा बाहेर भिरकावते. चांगलं शैवालही त्यातच गेलं. पाण्यात मायक्रोसिस्टिसचे पुंजके दाट असले की तिला हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि भरल्या तलावात ती अर्धपोटी राहते.

मायक्रोसिस्टिसला या खाणाऱ्यांची चाहूल लागते का? दक्षिण कोरिया आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याचं उत्तर छापलं. त्यांनी मायक्रोसिस्टिसचे विषारी वाण घेतले. काहींमध्ये प्राणिप्लवक सोडले. काहींमध्ये प्राणी सोडलेच नाहीत, प्राणी ज्या पाण्यात वाढले होते ते पाणी फक्त गाळून घातलं. विष दोन्हीकडे वाढलं. म्हणजे पेशी खाल्ली जाण्याचीही गरज नव्हती. प्राण्यानं पाण्यात सोडलेला रासायनिक माग तेवढा पुरला. डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत, आणि तरी शेजारी कोण आहे हे या एका पेशीला समजतं. मला या सगळ्या विषयात यापेक्षा थक्क करणारं काही सापडलेलं नाही.

खाणाऱ्यांना मायक्रोसिस्टिसचं दुसरं उत्तर आकाराचं. तलावात मायक्रोसिस्टिस चिकट आवरणात गुंफलेल्या पुंजक्यांत राहतो, पण प्रयोगशाळेत वाढवला की बहुधा सुट्या पेशींचा होतो. चीनमधल्या संशोधकांनी अशा सुट्या पेशींत ऑक्रोमोनास सोडला. हा स्वतःच एका पेशीचा जीव, सुट्या पेशी गिळणारा. थोड्याच दिवसांत मायक्रोसिस्टिसचे पुंजके बांधले गेले, इतके मोठे की ऑक्रोमोनासच्या तोंडात मावेनात. डॅफ्निया सोडली तेव्हा मात्र पुंजके झाले नाहीत. समोर तोंड कोणाचं आहे, त्याप्रमाणे उत्तर बदलतं.

[दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या चंबूंत हिरवं पाणी.]

मग विष हे खाणाऱ्यांविरुद्धचं हत्यारच ना? इथे घाई करून चालत नाही. बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मायक्रोसिस्टिन बनवणारं जनुक बंद पाडलेला मायक्रोसिस्टिस तयार केला. मग मूळ वाण आणि हा बिनविषारी वाण, दोन्ही डॅफ्नियाला खायला घातले. मूळ वाणानं डॅफ्निया मेली, बिनविषारी वाणानं तशी मेली नाही. मात्र खाणं तिनं दोन्हींच्या बाबतीत कमी केलं. म्हणजे मारतं ते मायक्रोसिस्टिन, पण घास अडवणारं दुसरंच काहीतरी पेशीत आहे. पुढे २००४ मध्ये फिनलंडच्या गटानं या जनुकांची वंशावळ काढली. ती प्राण्यांच्याही आधीची निघाली. डॅफ्निया सोडाच, पृथ्वीवर एकही प्राणी नव्हता तेव्हापासून हे विष बनतंय. पेशीच्या आत ते प्रथिनांना चिकटतं आणि प्रखर उन्हाच्या ताणात त्यांना सांभाळतं, असंही दिसून आलंय. माझ्या मते आपण हत्यार म्हणतो ती या पेशीच्या घरातली जुनी वस्तू आहे. खाणारे आले तसा तिचा आणखी एक उपयोग होऊ लागला.

[दृश्य : बोडनझे सरोवर. गाळाचा उभा नमुना काढणारी नळी.]

आणि खाणारेही गप्प बसत नाहीत. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरच्या बोडनझे सरोवरात १९६० आणि ७० च्या दशकांत सांडपाण्यामुळे फॉस्फरस प्रचंड वाढला, पाठोपाठ सायनोबॅक्टेरिया वाढले. वाईट काळात डॅफ्निया टणक कवचाची अंडी घालते. ती गाळात दशकानुदशकं टिकतात. नेल्सन हेअरस्टन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाच्या थरांतली ही अंडी उबवली. सरोवर बिघडण्याआधीची डॅफ्निया आणि बिघडल्यानंतरची डॅफ्निया एकाच वेळी, शेजारी शेजारी, जिवंत! दोघींना विषारी मायक्रोसिस्टिस खाऊ घातला. जुनीची वाढ खुंटली, नंतरचीनं बराच तग धरला. काही वर्षांतच पिढ्यांमागून पिढ्या डॅफ्निया बदलली होती. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात १९९९ साली हे प्रसिद्ध झालं.

तरी सरोवर सुधारलं ते डॅफ्नियामुळे नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया झाली, फॉस्फरस लिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या वरून १० च्या खाली आला, तेव्हा सायनोबॅक्टेरिया ओसरले. पण २०१६ मध्ये त्याच सरोवरात प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स नावाचा दुसरा सायनोबॅक्टेरिया मोठ्या प्रमाणात वाढला. तोही मायक्रोसिस्टिन बनवतो. रंगानं तांबूस, आणि पुंजक्यांऐवजी लांब तंतूंचा. हे तंतू डॅफ्नियाच्या पायांच्या जाळीत अडकतात, गिळताना त्रास देतात. मायक्रोसिस्टिसशी जुळवून घेतलेल्या डॅफ्नियापुढे आता हा नवा घास आहे.