हिशेबाची दोन वर्षे: लॉस एंजेलिस रॅम्सने संघ पुन्हा कसा उभारला

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुड येथे, स्वतःच्याच सोफाय स्टेडियममध्ये, लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने सिनसिनाटी बेंगल्सचा २३-२० असा पराभव केला आणि अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोच्च मानला जाणारा सुपर बोल जिंकला. पुढच्याच हंगामात या संघाने १७ पैकी १२ सामने गमावले. गतविजेत्या संघाची एवढी वाईट कामगिरी त्यापूर्वी कधीही झाली नव्हती. चेंडू फेकून आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, ते चेंडू झेलणारा रिसीव्हर कूपर कप आणि बचावफळीचा आधारस्तंभ ॲरन डोनल्ड हे तिघेही दुखापतींमुळे हंगाम पूर्ण करू शकले नाहीत, हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण मैदानावर दिसत नव्हते, कारण ते संघाच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये अनेक वर्षे साचत आलेले होते. हा माहितीपट त्या दुसऱ्या कारणाचा आणि त्यातून निघालेल्या वाटेचा आहे.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंच्या वेतनावर किती खर्च करता येईल याची मर्यादा लीग दरवर्षी ठरवून देते. ही पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हा मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२२ मध्ये ती २० कोटी ८२ लाखांवर आणि २०२३ मध्ये २२ कोटी ४८ लाखांवर पोचली. लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात निश्चित झालेला असतो आणि त्यातून हा आकडा निघतो. त्यामुळे उत्पन्न घटले की मर्यादाही खाली येते. प्रेक्षकांविना गेलेल्या करोनाकाळानंतर २०२१ मध्ये ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली, आणि मर्यादा वाढतच जाणार या भरवशावर करार केलेल्या संघांची त्या वर्षी मोठी ओढाताण झाली. मर्यादा ओलांडून दंड भरण्याची सोय येथे नाही. मालक कितीही श्रीमंत असला तरी नव्या हंगामाचे वर्ष सुरू होताना त्याच्या संघाचा हिशेब मर्यादेच्या आत बसलेला असावाच लागतो.

आयपीएलच्या लिलावामुळे ठरावीक रकमेत संघ बांधण्याची कल्पना आपल्या प्रेक्षकांना परिचित आहे. एनएफएलमध्ये मात्र प्रत्यक्ष दिलेले पैसे आणि हिशेबात लागणारे पैसे एकाच वर्षात पडतील असे नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. समजा, एखाद्या खेळाडूशी पाच वर्षांचा करार झाला आणि सही करतानाच त्याला ५ कोटी डॉलरचा बोनस दिला गेला. रक्कम त्याच्या खात्यात लगेच जमा होते. वेतनमर्यादेच्या हिशेबात मात्र ती पाच वर्षांत विभागून दरवर्षी एक कोटी अशी धरली जाते. म्हणजे आज मिळालेल्या खेळाडूची किंमत पुढच्या वर्षांच्या नावावर लिहिली जाते. दोन वर्षांनी त्या खेळाडूला सोडले किंवा दुसऱ्या संघाला दिले, तर उरलेले तीन कोटी एकदम हिशेबात येतात. १ जूननंतर तसे केल्यास हा भार दोन वर्षांत विभागता येतो, पण टाळता येत नाही. संघात नसलेल्या माणसाच्या नावावर लागणाऱ्या या रकमेला तेथे ‘डेड मनी’ म्हणतात. चालू वर्षी जागा कमी पडली की खेळाडूच्या पगाराचे बोनसमध्ये रूपांतर करून तो पुढच्या वर्षांवर ढकलण्याची सवय अनेक संघांना असते. प्रत्येक वेळी थोडी मोकळीक मिळते आणि प्रत्येक वेळी पुढचे देणे वाढते.

रॅम्सचे जनरल मॅनेजर लेस स्नीड आणि २०१७ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झालेले शॉन मॅक्व्हे यांनी ही उधारी पूर्ण जाणीवपूर्वक केली, असे आमचे मत आहे. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या फेरीतील निवड हे संघाचे सर्वांत मौल्यवान भांडवल समजले जाते. रॅम्सने २०१७ ते २०२३ या सलग सात ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. प्रतिस्पर्धी रिसीव्हरना रोखणारा कॉर्नरबॅक जेलन रॅमझी याच्यासाठी २०१९ मध्ये पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या गेल्या. २०२१ मध्ये स्टॅफर्डसाठी डेट्रॉइट लायन्सला पहिल्या फेरीच्या दोन निवडी, तिसऱ्या फेरीची एक निवड आणि स्वतःचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, असे सगळे देण्यात आले. त्याच वर्षी हंगामाच्या मध्यावर व्हॉन मिलरला आणण्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची निवडही खर्ची पडली. सिद्ध झालेले, महागडे खेळाडू आणायचे आणि त्यांच्या भोवती स्वस्त, तरुण खेळाडू बसवायचे, असे ते गणित होते.

या गणितात चुका झाल्याच नाहीत असे नाही. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक टॉड गर्ली याच्या कराराला २०१८ मध्ये मोठी मुदतवाढ दिली गेली आणि मार्च २०२० मध्ये, त्या मुदतवाढीचा पहिला हंगाम सुरू होण्याआधीच, त्याला मुक्त करावे लागले. गुडघ्याच्या त्रासाने एका उत्कृष्ट खेळाडूची कारकीर्द अकाली आटोपली, आणि त्याच्या नावाची रक्कम हिशेबात मागे राहिली. ब्रँडिन कुक्सला ह्यूस्टनकडे पाठवल्यावर आणि नंतर गॉफला डेट्रॉइटला दिल्यावर प्रत्येक वेळी २ कोटी डॉलरहून अधिक डेड मनी सोसावा लागला. तरीही २०२१ च्या हंगामात विजेतेपद मिळाले. कूपर कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) अशी कामगिरी करून तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. विजेतेपदासाठी केलेली उधारी वाया गेली असे त्यामुळे म्हणता येत नाही.

विजयानंतर बिले येऊ लागली. स्टॅफर्डच्या कराराला चार वर्षांची १६ कोटी डॉलरची मुदतवाढ मिळाली. डोनल्डचा करार तीन हंगामांत साडेनऊ कोटी डॉलर मिळतील असा सुधारण्यात आला. कपला तीन वर्षांची ८ कोटी डॉलरची मुदतवाढ मिळाली. हे तिघेही त्या रकमेच्या योग्यतेचे खेळाडू होते. पण ५३ जणांच्या संघात तिघांवर एवढा खर्च झाल्यावर उरलेल्या पन्नास जागा कशा भरायच्या, हा प्रश्न २०२२ च्या पडझडीने निर्दयपणे समोर आणला.

२०२३ च्या वसंतात रॅम्सपुढे दोन मार्ग होते. पगार पुन्हा पुढे ढकलायचे, आणखी एखादा नामांकित खेळाडू आणायचा आणि त्याच संघाने पुन्हा प्रयत्न करायचा, हा एक. साचलेले देणे शक्य तेवढे एकाच वर्षात फेडून टाकायचे आणि त्या वर्षीचा संघ दुबळा दिसेल हे मान्य करायचे, हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. रॅमझीला मायामी डॉल्फिन्सकडे पाठवले. बदल्यात तिसऱ्या फेरीची एक निवड आणि टाइट एंड या आक्रमणातील जागेवर खेळणारा एक खेळाडू एवढेच मिळाले, आणि त्याच्या एकट्याच्या नावावर जवळपास २ कोटी डॉलर हिशेबात लागले. लाइनबॅकर बॉबी वॅग्नर आणि एज रशर लेनर्ड फ्लॉइड या बचावपटूंना मुक्त केले. रिसीव्हर ॲलन रॉबिन्सन पिट्सबर्गला गेला. त्या वर्षी रॅम्सच्या मर्यादेतील ७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम अशा खेळाडूंवर लागली, जे आता त्यांच्यासाठी खेळत नव्हते. मर्यादेचा जवळपास तिसरा हिस्सा मैदानावर उतरण्याआधीच संपलेला होता.

या टप्प्यावर कोणाला सोडले यापेक्षा कोणाला ठेवले हे अधिक महत्त्वाचे ठरले. स्टॅफर्ड, डोनल्ड आणि कप यांना विकून जास्तीत जास्त निवडी गोळा करणे शक्य होते. संघबांधणी म्हणजे सर्व काही पाडून शून्यापासून सुरुवात, अशी एक समजूत व्यावसायिक खेळांत रुजलेली आहे. आमच्या दृष्टीने ही समजूत तरुण खेळाडूंवर अन्याय करणारी आहे. उत्तम क्वार्टरबॅक नसलेल्या संघात नवा रिसीव्हर कितीही गुणी असला तरी त्याचे गुण दिसत नाहीत, आणि ज्याच्यावर प्रतिस्पर्ध्यांचे दोन-दोन खेळाडू नेमले जातात असा डोनल्डसारखा ज्येष्ठ शेजारी नसेल, तर नवख्या बचावपटूला शिकायची उसंतही मिळत नाही.

२०२३ च्या ड्राफ्टमध्ये रॅम्सने तब्बल १४ खेळाडू निवडले. त्यांची पहिली निवड छत्तिसावी होती, आक्रमणफळीतील गार्ड स्टीव्ह अविला. रॅमझीच्या बदल्यात आलेल्या सत्त्याहत्तराव्या निवडीवर त्यांनी बायरन यंगला घेतले. महाविद्यालयीन संघात जागा मिळण्यापूर्वी हा तरुण जॉर्जिया राज्यातील एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात सहायक व्यवस्थापक म्हणून काम करत होता. एकोणनव्वदाव्या निवडीवर कोबी टर्नर आला. पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा रिसीव्हर पुका नाकुआ आला, ज्याला प्रत्येक संघाने चार-चार फेऱ्यांत बाजूला ठेवले होते.

या चौघांच्या करारांचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २०१० मध्ये हाच संघ सेंट लुइसमध्ये असताना त्याने पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्डला निवडले आणि त्याला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार द्यावा लागला, ज्यातील ५ कोटींची हमी होती. पुढच्याच वर्षी नव्या सामूहिक करारात नवोदितांच्या वेतनाला क्रमांकानुसार मर्यादा आली आणि २०११ च्या पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा झाला. तेव्हापासून ड्राफ्टमधून आलेला चांगला खेळाडू हाच वेतनमर्यादेतील सर्वांत स्वस्त माल ठरला. नाकुआचा चार वर्षांचा करार सुमारे ४० लाख डॉलरचा होता. तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत त्या करारावर पुन्हा वाटाघाट करण्याची परवानगी नियम देत नाहीत. संघांच्या सोयीसाठी हा नियम चोख आहे. पण ज्या खेळात कारकीर्द एका धडकेत संपू शकते, तेथे तरुणाच्या उमेदीच्या वर्षांची किंमत अशी बांधून टाकणे न्याय्य आहे का, हा प्रश्न खेळाडूंच्या संघटनेने अधिक जोराने विचारायला हवा.

हंगामाच्या सुरुवातीला कप जखमी होता आणि पहिले चार सामने खेळू शकला नाही. ती जागा नाकुआला मिळाली. दुसऱ्याच सामन्यात त्याने १५ झेल घेतले आणि हंगामाअखेर १०५ झेल व १,४८६ यार्ड मिळवून नवोदितांचे दोन्ही विक्रम मोडले. टर्नरने ९ आणि यंगने ८ सॅक केले, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले. आदल्या वर्षी पाचव्या फेरीत आलेल्या कायरन विल्यम्सने १२ सामन्यांत १,१४४ यार्ड धाव घेतली. नऊ सामन्यांनंतर ३ विजय आणि ६ पराभव अशी स्थिती असलेल्या या संघाने उरलेल्या आठपैकी सात सामने जिंकले आणि १०-७ अशा कामगिरीने बाद फेरी गाठली.

बाद फेरीचा सामना १४ जानेवारी २०२४ रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. समोर गॉफ होता आणि लायन्सच्या संघात स्टॅफर्डच्या व्यवहारातून उगवलेले तरुण होते. रॅम्सच्या वाईट हंगामामुळे २०२३ मधील त्यांची, स्टॅफर्डच्या बदल्यात लायन्सला दिलेली, निवड सहाव्या क्रमांकावर आली होती. लायन्सने ती ॲरिझोनाच्या संघाला देऊन निवडीच्या क्रमात खाली सरकताना मिळवलेल्या निवडींतून जमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा यांना घेतले. त्या रात्री दोघांनीही टचडाउन केले. नाकुआने १८१ यार्ड मिळवूनही रॅम्स २४-२३ असे हरले. उधारीची पूर्ण किंमत एका गुणाच्या फरकात मोजली गेली, आणि तरीही २०२१ चा तो व्यवहार दोन्ही संघांसाठी योग्यच होता, असे म्हणावे लागते.

मार्च २०२४ मध्ये डोनल्डने निवृत्ती घेतली. त्याच्या बोनसचा उरलेला भार हिशेबात राहिलाच, पण रॅम्सकडे आता जागाही होती आणि आठ वर्षांनी पहिल्या फेरीची निवडही. एकोणिसाव्या क्रमांकावर जॅरेड व्हर्स आणि एकोणचाळिसाव्या क्रमांकावर ब्रेडन फिस्क असे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे दोन सहकारी त्यांनी एकदम घेतले. व्हर्स त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. पहिल्या पाचपैकी चार सामने गमावूनही संघाने आपला विभाग जिंकला, मिनेसोटाला हरवले आणि फिलाडेल्फियातील बर्फात २८-२२ असा पराभव पत्करून हंगाम संपवला.

मार्च २०२५ मध्ये मर्यादा २७ कोटी ९२ लाखांवर गेली असतानाही रॅम्सने कूपर कपला मुक्त केले आणि तो त्याच विभागातील सिएटलला जाऊन मिळाला. सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू सोडण्याचे धैर्य त्यांना झाले, कारण त्याचे काम करणारा नाकुआ त्याच्या पगाराच्या लहानशा अंशात उपलब्ध होता. ही सवलत कायमची नाही. २०२५ च्या हंगामानंतर नाकुआचा करार वाटाघाटीसाठी खुला होतो, टर्नर आणि यंग यांचेही तसेच, आणि वर्षभराने व्हर्स व फिस्क यांची पाळी येते. स्वस्तात मिळालेल्या या सर्वांना योग्य मोबदला देता येणार नाही; त्यांतल्या कोणाला ठेवायचे, हे स्नीड आणि मॅक्व्हे यांना आता ठरवावे लागेल.