धक्का येऊ द्या

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय पिस्तुलाच्या धक्क्याबद्दल. नेमबाजीच्या रेंजवरची मंडळी त्याला रिकॉइल म्हणतात. वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं बनतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण काडतूस उडताना हातात नेमकं काय होतं असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर सिनेमातलं असतं.

गोळी पुढे जाते म्हणून पिस्तूल मागे येतं, एवढं तर शाळेत झालंय. पॉइंट टू टूची, म्हणजे 0.22 इंच व्यासाची, गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. तिचा वेग सेकंदाला 300 मीटरच्या आसपास आणि हातातलं पिस्तूल किलोभराचं. त्यामुळे हात किंचित उसळतो, बस. 9 एमएमची गोळी साधारण 8 ग्रॅमची, तिचा धक्का तिपटीहून जास्त. ते 9 एमएम आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही, सिनेमात मात्र गल्लीतल्या प्रत्येक दादाच्या कमरेला तेच असतं. असो. नळी मुठीच्या वर असते, म्हणून धक्का सरळ मागे न येता पिस्तुलाचं तोंड वर उचलतो.

आता मुद्द्याचं ऐका. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. आणि धक्का जाणवून माणसाने काही हालचाल करायची म्हटली, तर सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तोवर 25 मीटरवरच्या कागदाला भोक पडलेलं असतं. म्हणजे धक्क्याने नेम चुकत नाही. परत सांगतो, धक्क्याने नेम चुकत नाही. चुकतो तो धक्का येणार या धास्तीने. ट्रिगर सुटायच्या आधीच डोळे मिटतात, मनगट खाली दबतं, पाचही बोटं एकदम आवळली जातात. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी मग खाली डावीकडे जाते, आणि दोष पिस्तुलाला!

ही धास्ती पकडायची एक युक्ती आहे. प्रशिक्षक मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसांच्या पेटीत, खऱ्या काडतुसांत एखादं खोटं काडतूस मिसळून भरतो. कुठलं कधी येणार, नेमबाजाला माहीत नसतं. खोटं आलं की आवाज होत नाही, पण नळीचं तोंड टचकन खाली जातं. शेजारी उभ्या असलेल्यांनाही ते दिसतं.

पकडीचं सांगतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा पिस्तुलाच्या मुठीच्या मागच्या बाजूला जितका वर बसेल तितका बसवा. हात जेवढा वर, तेवढं तोंड कमी उचलतं. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाली चिकटून राहू द्या. मनगट घट्ट हवं, तर्जनी मात्र मोकळी. कासरा धरतो तशी पकड ठेवायची: सुटू द्यायचा नाही आणि ओढायचाही नाही. मनगट ढिलं ठेवलंत तर ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी मध्येच अडकते. दोन्ही हातांनी धरताना डावा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा घेऊ नका, मागे येणारी स्लाइड कातडं सोलते. आणि दर वेळी पकड सारखीच पाहिजे. गोळी नळीत असतानाच पिस्तूल केसभर हललेलं असतं, साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्या हिशेबाने लावलेली असते. पकड बदलली की ते हलणं बदलतं आणि गोळीची जागाही.

कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा, हे सांगायला नकोच. आपल्याकडे डीजेपुढे तासन् तास नाचणाऱ्याला कानात बोळे घाल म्हटलं तर हसतो, तो भाग वेगळा. आणि वरातीत हवेत बार उडवणारे नेमबाज नव्हेत. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. बरंच झालं.

आता ज्याच्याबद्दल बोलायला मी टपून बसलोय, तो माणूस. कारोली टाकाच, हंगेरीचा. लष्करात सार्जंट. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला तो जायला हवा होता, इतका चांगला नेमबाज. पण हंगेरीचा नियम असा की संघात फक्त अधिकारी घ्यायचे. सार्जंट राहिला घरी. पुढे नियम उठला. म्हटलं, आता 1940 ला बघू. तर 1938 मध्ये सरावात सदोष हातबाँब उजव्या हातातच फुटला. नेमबाजीचा हात गेला.

महिनाभर दवाखान्यात काढला. बाहेर आल्यावर गडी कुणाला न सांगता डाव्या हाताने मारायला लागला. श्रोतेहो, हे वाटतं तेवढं सोपं नाही. ट्रिगरचं बोट नवं, मनगट नवं, धक्का उलट्या बाजूने येणार. इतकी वर्षं हाताला लागलेलं वळण शून्य. आणि त्याचा प्रकार होता रॅपिड फायर! आजच्या नियमात सांगायचं तर 25 मीटरवर ओळीने पाच लक्ष्यं, प्रत्येकावर एक गोळी. आधी 8 सेकंदांत पाच, मग 6, मग 4. एका हाताने. हात खाली झुकवून, 45 अंशांवर ठेवून उभं राहायचं, इशारा झाला की वर. इथे धक्क्याशी भांडायला सवडच नाही. पिस्तूल उसळलं की ते खाली बसता बसता पुढच्या लक्ष्यावर गेलेलं पाहिजे, तेही कमरेतून वळून. नुसता हात वळवला की गेली गोळी बाहेर.

1939 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेला टाकाच हजर. जुने सोबती हळहळत भेटायला आले. त्यांना वाटलं, बिचारा बघायला आलाय. तर हा म्हणे, मी खेळायला आलोय. आणि डाव्या हाताने जिंकला! मग महायुद्ध. 1940 चं ऑलिंपिक गेलं, 1944 चंही गेलं. शेवटी 1948, लंडन. वय 38. तिथे अर्जेंटिनाचा जगज्जेता होता, साएन्स व्हालिएन्ते. त्याने विचारलं, तू इथे कशाला? टाकाच म्हणाला, शिकायला आलोय. असं सांगतात. मग 600 पैकी 580 गुण, विश्वविक्रम, सुवर्ण. अर्जेंटिनावाला 571 वर दुसरा. तो म्हणे टाकाचला म्हणाला, शिकलास की रे पुरेसा! चार वर्षांनी हेलसिंकीला टाकाचने पुन्हा सुवर्ण घेतलं. 579 गुण, आणि एका गुणाने मागे राहिलेला सिलार्ड कुन हंगेरीचाच.

तुम्हाला सुरुवात करायची तर 10 मीटर एअर पिस्तुलाने करा. 4.5 मिलिमीटरचा छर्रा, 20 ज्यूलच्या आतली ताकद, त्यामुळे परवाना लागत नाही. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, धक्का नावालाच. मधलं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. हाताची तयारी घरी करता येते: लिटरभर पाण्याची बाटली खांद्याच्या उंचीवर अर्धा मिनिट धरायची. पुढे रिकाम्या पिस्तुलावर भिंतीकडे तोंड करून नुसता ट्रिगर दाबायचा सराव करा. नळी दोनदा तपासायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत. ट्रिगर सुटताना पुढची साइट हलली नाही, तर जमलं. मात्र पॉइंट टू टूमध्ये असा रिकामा ट्रिगर दाबायची खास सोय नसेल तर खोटं काडतूस घाला. नाहीतर काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन नळीच्या काठावर आपटून काठ बिघडतो.

मग परवाना, क्लब आणि पॉइंट टू टू. पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. धक्क्याने दचकून बोट पुन्हा आवळलं गेलं, तरी दुसरी गोळी सुटायला नको. सवय झाली की दोन, मग पाच. आणि पाच भोकं एकमेकांत मिसळून कागदाला एकच ओबडधोबड खिंडार पडलं की माणूस घरी जायचं नाव घेत नाही, ते वेगळं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हा सराव सकाळीच उरका. घामाने मूठ सरकते, म्हणून खिशात कोरडा पंचा ठेवा. पन्नासेक गोळ्या झाल्या की थांबा, कारण बोटं थकली की धास्ती परत येते. चहा त्यानंतर घ्या. आधी दोन कडक कप मारून आलात तर साइट नाचताना दिसेल.