सीडरच्या रानातली हरणं

नमस्कार श्रोतेहो.

हरणाची शिकार म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तिला थारा उरला नाही, आणि तो नसावाच. पण अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला पसरलेल्या हिल कंट्रीत गोष्ट उलटी आहे. तिथे हरणं कमी केली नाहीत, तर रानाचाच जीव जातो.

चुनखडीच्या त्या टेकड्यांवर जिकडेतिकडे सीडरची झाडं. खरं तर हा जुनिपर, पण तिथले लोक त्याला सीडरच म्हणतात. फांद्या थेट जमिनीपासून सुटलेल्या, बाराही महिने हिरव्या. दहा पावलांवर हरीण उभं असलं तरी दिसत नाही. पूर्वी अधूनमधून वणवे लागायचे, त्यात सीडरची कोवळी रोपं जळून जायची आणि गवत टिकायचं. पुढे वणवे थांबले, गुरांनी गवत संपवलं, आणि सीडर माळावर उतरला.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाला सीडरचा पाला आवडत नाही. अगदीच उपासमार झाली तर खातं. त्याला हवी ओकची कोवळी पानं आणि ओकची फळं. लांडगे त्या भागातून केव्हाच संपले. नवजात पाडसांच्या नाळेत अळ्या पाडणारी स्क्रूवर्म नावाची माशी होती, तिचाही 1960 च्या दशकात मोठ्या मोहिमेने बंदोबस्त झाला. मग हरणांना आवरणार कोण? ओकची रोपं वर येताच खुडली जातात, सीडरला कोणी तोंड लावत नाही. म्हातारे ओक पडले की त्यांच्या जागी उभं राहायला ओक नसतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की, अशा रानात नुसत्या शिंगांमागे लागणं म्हणजे अर्धवट काम. परवाना असेल तेवढ्या माद्या मारायलाच हव्यात. कळप वाढतो तो माद्यांमुळे. भिंतीवर टांगायला शिंगं मिळत नाहीत म्हणून कित्येक जण मादी समोर आली तरी सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता शिकारीसाठी दबा धरून बसायचं कुठे? नोव्हेंबरात नर माजावर येतात. त्या दिवसांत सीडरच्या खोडावर शिंगं घासल्याच्या खुणा बघा: साल सोलून निघालेली, आतलं लाकूड उघडं पडलेलं, जखम ताजी असेल तर वासही येतो. दाट सीडर आणि ओक जिथे भिडतात, ती कड धरा. हरीण दिवसा सीडरमध्ये लपतं आणि चरायला ओककडे येतं. वारा मात्र सांभाळा. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. सकाळी दरीच्या तळाशी हरीण असेल आणि तुम्ही वर बसला असाल, तर तुमचा वास सरळ त्याच्याकडे जातो.

नजर पोचावी म्हणून सीडरचे चिंचोळे पट्टे तोडा, पण टेकडी बोडकी करू नका. आडोसा गेला की हरीणही गेलं. जुन्या सीडरची सुटणारी साल घेऊन सोनेरी गालांचा एक छोटा वार्बलर पक्षी घरटं बांधतो, आणि जगात तो फक्त मध्य टेक्ससमध्येच वीण घालतो. 1990 पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. मार्चपासून तिथला उन्हाळा सरेपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, कुऱ्हाड बाजूला ठेवा, आणि जुनी झाडं तर कधीच तोडू नका.

गोळी लागल्यावर लगेच मागे धावू नका. जखमी हरीण सीडरच्या गचपणात शिरलं की शोधणं फार कठीण. अर्धा तास थांबा, मग रक्ताचा माग काढा. पालापाचोळ्यावर न दिसलं तर गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या फांद्या तपासा, अंग घासून तिथे डाग पडलेले असतात. मिळालं की ताबडतोब आतडी काढून बर्फ भरा. टेक्ससचा नोव्हेंबर कित्येकदा चांगलाच तापतो, आणि मांस वाया गेलं तर त्या जिवाचा अपमान होतो.

नमस्कार.